डावा गाल

समजा, तुमच्यासमोर पांढरा कॅनव्हास आहे आणि त्यावर पेन्सिलीनं फिकट आखलेला एक चेहरा. हातात बारीक गोल ब्रश. चेहरा तैलरंगात पुरा करायचा आहे, पण रेघ ओढायची नाही, रंग पसरवायचा नाही, फक्त ठिपके द्यायचे. सावळ्या कातडीसाठी तपकिरी रंग घ्यायचा नाही. नारिंगी, लाल, पिवळा, मध्येच निळा, असे सुटे ठिपके शेजारी शेजारी ठेवायचे आणि ते एकत्र करायचं काम लांबून बघणाऱ्याच्या डोळ्यावर सोडायचं. कपाळ झालं, नाक झालं. आता गालावर या. हा तुमच्या आईचा गाल आहे. डोळे मिटा आणि आठवा. उजवा आठवेल. डावा आठवतो का?

महेंद्र मोहित्यांना आठवेना.

मोहिते रत्नागिरीच्या एमआयडीसीतल्या एका ऑफसेट छापखान्यात मशीन चालवतात. राहायला पालीच्या अलीकडं, बौद्धवाडीत; रोज मोटारसायकलनं जाऊन येऊन. हाताखालून लग्नपत्रिका जातात, औषधांची खोकी जातात, सीझनला आंब्याच्या पेट्यांची लेबलं. तुम्ही लेबलावरचा हापूस बघता तेव्हा तुम्हाला केशरी आंबा दिसतो. मोहित्यांना भिंगातून निळे, किरमिजी, पिवळे आणि काळे ठिपके दिसतात. छापील चित्र म्हणजे एवढंच, चार रंगांचे ठिपके.

या धंद्यात एक कटकट असते. कागदाचा कण किंवा शाईची खपली प्लेटवर बसली की गडद रंगात नेमक्या त्याच जागी पांढरा डाग उठायला लागतो, आणि मशीन थांबवेपर्यंत शेकडो कागद खराब होतात. मोहित्यांना तो डाग सगळ्यांच्या आधी दिसतो. चालत्या मशीनमधून एक कागद ओढून काढतात, दिव्याखाली धरतात आणि कुठं काय बसलंय ते सांगतात. डाग घालवण्यात त्यांचा हात धरणारा छापखान्यात दुसरा कुणी नाही. मालकही गिऱ्हाइकाला हे कौतुकानं सांगतात.

त्यांची आई, सुंदराबाई, गेल्या वर्षी थंडीत गेली. साध्या तापाचं निमित्त झालं. जलदान विधीला बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या तसबिरीखाली गेलेल्या माणसाचा फोटो ठेवतात आणि आलेला प्रत्येक जण त्याला फूल वाहतो. त्यासाठी फोटो शोधायला घेतला, तेव्हा घरातल्यांच्या लक्षात आलं की आईचा धड फोटोच नाही. लग्नाकार्यात ती मागच्या रांगेत उभी, आणि डाव्या गालावर पदर ओढलेला. आधार कार्डावर एवढा उजेड पडलेला की चेहरा पुसून काढल्यासारखा.

पदराखाली कोड होतं. महेंद्र शाळकरी असताना आईच्या ओठाच्या कोपऱ्याशी एक पांढरा ठिपका आला आणि हळूहळू गालभर पसरत गेला.

महेंद्रनं बहिणीच्या साखरपुड्यातला ग्रुप फोटो घेतला, छापखान्यातल्या कॉम्प्युटरवर टाकला आणि शिफ्ट संपल्यावर बसला. पदराबाहेर राहिलेला उजवा अर्धा चेहरा चांगला आला होता. तो त्यानं कापला, उलटा फिरवला आणि डावीकडं चिकटवला. जोड घासून घेतला. काम इतकं सफाईदार झालं की त्याचं त्यालाच बरं वाटलं. आईचा पूर्ण, स्वच्छ, पदराशिवायचा चेहरा. घरात सगळे म्हणाले, छान झालाय.

विधीच्या दिवशी माणसं रांगेनं फुलं वाहत होती. शेजारच्या मैनाकाकीची पाळी आली. आईच्याच वयाची ही बाई. दोघींनी जन्मभर लावण्या आणि कापण्या बरोबर केलेल्या. ती फूल हातात धरून फोटोसमोर उभी राहिली, इकडंतिकडं बघितलं आणि मागं वळून महेंद्रला विचारलं, "सुंदराचा फोटो कुटं ठेवलास रे?"

कुणीतरी म्हणालं, काकी, हाच की. मैनाकाकीनं पुन्हा बघितलं, फूल वाहिलं आणि बाजूला झाली. तिला टोमणा मारायचा नव्हता, हे महेंद्रला माहीत होतं. म्हणूनच ते जास्त लागलं. पाहुणे गेल्यावर त्यानं फोटो उतरवला आणि कपाटामागं भिंतीकडं तोंड करून ठेवला. पुढं कित्येक दिवस मशीनवर डाग काढताना त्याला वाटायचं, आपण आईलाही असंच मशीन थांबवून साफ करून टाकलं.

झोया मुकादम ही कोल्हापुरात चित्रकला शिकून आलेली मुलगी. राजिवड्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर, एका दुकानाच्या माडीवर ती रविवारी क्लास घेते. तिथं शाळेतली मुलं येतात, बँकेतून रिटायर झालेल्या दोन बायका येतात. क्लासची पत्रकं महेंद्रच्याच छापखान्यात छापलेली. पावसाळ्याच्या तोंडाला तो जिना चढून गेला आणि म्हणाला, मला एक चेहरा काढायचाय, पण चित्रकलेतलं मला काही येत नाही.

"काहीच येत नाही, काका?"

"ठिपका देता येतो."

झोया हसली. मग म्हणाली की ठिपक्यांनी चित्र काढायची एक पद्धत आहेच, पॉइंटिलिझम म्हणतात तिला. अवघड काही नाही, फक्त धीर लागतो. आणि वर म्हणाली, आमच्या घरात भिंतीवर चेहरा लावलेला दादीला चालत नाही. म्हणून मी सगळे चेहरे या माडीवर आणून ठेवलेत, तुमचाही आणा.

पहिले काही रविवार महेंद्रला वाटत होतं की हे तर आपलंच काम. तिथंच तो फसला. छापखान्याची शाई पारदर्शक असते. निळ्यावर पिवळा पडला की हिरवा दिसतो. तैलरंगाचं तसं नाही. ओल्या निळ्यावर त्यानं पिवळा ठिपका टेकवला की दोन्ही मिळून गढूळ चिखल व्हायचा. झोया सांगायची, अंगावर अंग नको, शेजारी बसवा, आणि पहिला थर वाळू द्या. तैलरंग वाळायला दिवसच्या दिवस लागतात. मशीनवर तासाला हजारो कागद काढणाऱ्या माणसाला एका भुवईसाठी पुढच्या रविवारची वाट बघावी लागत होती.

दुसरी चूक काळ्याची. छपाईत सावलीला काळे ठिपके देतात, म्हणून त्यानं आईच्या डोळ्याखाली, हनुवटीखाली काळे ठिपके दिले. लांबून बघितलं तर चेहऱ्यावर राख पडल्यासारखी. झोया कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"काका, बाई आजारी दिसतायत. काळ्याची ट्यूब माझ्याकडं द्या बघू."

ती तिनं खरंच काढून घेतली. सावलीत निळा आणि जांभळा घाला म्हणाली, आणि त्यांच्या मधेमधे नारिंगी, म्हणजे सावलीसुद्धा जिवंत राहते. महेंद्रला ते पटायला वेळ लागला. पण एके रविवारी त्यानं नाकाच्या बाजूला हिरवा-जांभळा घातला आणि खिडकीपर्यंत मागं जाऊन बघितलं, तर नाक वर आलं होतं. त्या दिवशी पालीपर्यंत तो मोटारसायकलवर एकटाच हसत गेला. घरी पोचल्यावर कपाटामागचा फोटो आठवला आणि हसू गेलं.

समोर ठेवून काढायला त्याच फोटोची दुसरी प्रत होती, कारण त्याचा उजवा अर्धा भाग तरी खरा होता. महेंद्रनं ठरवलं होतं की डावा गाल शेवटी करायचा, विचार करून करायचा. पण हाताला लागलेली सवय सुटत नाही. कॅनव्हासवर पांढरं दिसलं की त्याचा ब्रश आपोआप तिकडं जायचा, आणि फोटोत जे होतं ते हातानं काढलं. एक दिवस चेहरा पुरा झाला.

झोयानं खिडकीपर्यंत मागं जाऊन बघितलं. हात छान बसलाय म्हणाली. मग म्हणाली, "पण दोन्ही गाल एका साच्यातून काढल्यासारखे दिसतायत. माणसाचं असं नसतं, काका. एक डोळा बारीक असतो, एक गाल भरलेला असतो. फोटो आरशातला आहे का?"

महेंद्रनं ब्रश टर्पेंटाइनच्या बाटलीत ठेवला आणि तिला सगळं सांगितलं. कोड, पदर, कापून उलटा चिकटवलेला गाल. एवढं त्यानं घरातही कुणाला सांगितलं नव्हतं. पोरीनं मान खाली घातली नाही, तोंडही कसनुसं केलं नाही. तिनं कामाचा प्रश्न विचारला.

"मग तो डाग कसा होता? केवढा? आकार सांगा."

महेंद्रला सांगता येईना. ओठापासून सुरू होतो, एवढं माहीत. पुढं कानाकडं जायचा की मानेकडं? कड सरळ होती की तुटक? ज्या माणसाला कागदावरचा टाचणीच्या टोकाएवढा डाग चालत्या मशीनवर दिसतो, त्याला आईच्या तोंडावरचा तळहाताएवढा डाग आठवेना. त्यानं तो कधी बघितलाच नव्हता. आई बोलायला लागली की तो तिच्या कपाळाकडं बघायचा, नाहीतर दाराकडं.

त्यानं पॅलेट नाइफ घेतली आणि डावा गाल खरवडून काढला. खालचा कॅनव्हास मळकट पांढरा दिसायला लागला.

घरी आठवायला बसला तर गालाऐवजी ताट आठवलं. कोड आलं तेव्हा वाडीतल्या कुणीतरी सांगितलं, हे शिवून लागतं. आईनं त्याच संध्याकाळी आपलं ताट, पेला आणि तांब्या बाजूला काढला. पोरांना काही व्हायला नको, म्हणून. पुढं रत्नागिरीच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं की हा रोग लागत नाही, बिनधास्त जेवा. तोवर महेंद्र कॉलेजात होता. ताट तरीही बाजूलाच राहिलं. कुणी ठेवा म्हणालं नाही, कुणी उचला म्हणालं नाही. ज्यांच्या आजोबा-पणजोबांना गावानं वरून ओंजळीत पाणी ओतलं, ज्यांनी तळ्याच्या पाण्याची गोष्ट पोरांना पाळण्यात सांगितली, त्या घराच्या फळीवर एक ताट शेवटपर्यंत वेगळं पालथं घातलेलं होतं. आणि घरात शिकलेला, वाचनालयाचा सेक्रेटरी असलेला मुलगा महेंद्रच होता.

त्यानं विरारला बहिणीला, स्वप्नाला, फोन लावला. आईच्या पहिल्या पुण्यस्मरणाला चित्र लावायचं म्हणतोय, तिच्या गालाचं तुला नीट आठवतं का, असं विचारलं. स्वप्नाला आधी कळेचना. कळलं तेव्हा ती चिडली.

"दादा, तिनं जन्मभर झाकलं. माझ्या लग्नातसुद्धा पदर काढला नाही. आणि तू आता ते भिंतीवर टांगून सगळ्या वाडीला दाखवणार?"

"वाडीला माहीतच आहे ना."

"माहीत असणं वेगळं. तिला तुझ्या तोंडावर बोलायची हिंमत नव्हती, म्हणून मी बोलते. तो आधीचा फोटो काय वाईट होता?"

बहीण खोटं बोलत नव्हती. आईनं झाकलं होतं. फोन ठेवताना स्वप्नाचा आवाज उतरला. आकार मलाही नाही आठवत, असं म्हणाली.

राहिली मैनाकाकी. तिच्याकडं जायला महेंद्रला महिना लागला. गेला तेव्हा भातकापणी उरकली होती आणि ती खळ्यात सुपानं भात वारवत होती. महेंद्र गाडी लावून जवळ जाऊन उभा राहिला. शब्द जुळवून आणले होते ते विसरला आणि सरळच विचारलं, काकी, आईचा डाग कसा होता?

काकीनं सूप खाली ठेवलं. त्याच्याकडं बघितलं. का विचारतोस, असं तिनं विचारलं नाही.

"वाक जरा खाली. ताडासारका वाढलायस."

तो वाकला. तिनं भाताच्या तुसानं माखलेलं बोट त्याच्या ओठाच्या डाव्या कोपऱ्याला लावलं. "हितून निगायचा. हिकडं गालावर चडायचा, कानापरेंत नाय, कानाच्या अलीकडं थांबायचा. मंग खाली, हनुवटीच्या कडेनं, हितवर. समुद्राच्या काठासारकी कड होती, आत-भायर. आनि मदी मदी तिळाएवडे काळे ठिपके होते, तिच्या अंगाच्या रंगाचे. हसली की सगळा हालायचा."

महेंद्र तसाच वाकलेला राहिला. मग त्यानं विचारलं की काकी, तुला एवढं कसं माहीत, ती तर सारखा पदर घेऊन असायची.

"शेतात कसला रे पदर?" काकी म्हणाली. "चिकलात उबं राहून कोन तोंड झाकतो? दिसभर उगडीच असायची. तोंडानं गानी नि टवाळ्या. तुज्या आईएवडी टवाळ बाय वाडीत नव्हती. घराकडं वळलो का विहिरीपाशी पदर घ्यायची."

महेंद्रला हे नवीन होतं. आई गायची, हेही आणि टवाळ होती, हेही. तो गाडीपाशी आला. आरशात बघितलं तर गालावर तुसाची रेघ राहिली होती, ओठापासून हनुवटीपर्यंत. पुसायच्या आधी त्यानं फोन काढला आणि आपल्याच गालाचा फोटो घेतला.

पुढच्या रविवारी तो फोटो क्लासमध्ये समोर लावला. झोयानं दोन्ही बघितले, महेंद्रचा गाल आणि कॅनव्हास. महेंद्र पांढरी ट्यूब उघडायला लागला तेव्हा तिनं त्याचा हात धरला. हा रंग पांढरा नाही म्हणाली. उजेडात पिवळसर-गुलाबी, आणि हनुवटीखाली, जिथं सावली आहे तिथं निळसर. आणि कडेला रेघ ओढू नका. बाहेरचे गडद ठिपके विरळ करत आणा, आतले फिके दाट करत न्या. त्यानं तसं केलं. फिक्या भागात मधेमधे तिळाएवढे नारिंगी-जांभळे ठिपके ठेवले. या कामाला त्याला सगळ्यात जास्त वेळ लागला. एवढा वेळ आईच्या गालाकडं बघायची त्याची पहिलीच वेळ होती, आणि आता ती समोर नव्हती.

चित्र वेळेत झालं. पुण्यस्मरणाच्या आधी ते महिनाभर माडीवर वाळत होतं.

स्वप्ना आदल्या दिवशी आली. चित्रावर कापड होतं, तिनं ते उचललं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी महेंद्रनं टेबलावर पांढरी चादर घातली, तसबिरी मांडल्या, त्यांच्या खाली चित्र ठेवलं आणि कापड काढलं. स्वप्ना दारात उभी होती. ती पुढं आली, बघितलं, आणि पिशवीतून मोगऱ्याचा जाड हार काढला. चित्राला घातला. मग एक बाजू सारखी केली, जराशी ओढली. हार ओठाच्या कोपऱ्यावरून उतरून हनुवटीवर आला. डावा गाल झाकला गेला.

अंगणात माणसं जमायला लागली होती. बौद्धाचार्य ओटीवर चहा घेत होते. महेंद्रनं हारापर्यंत हात नेला आणि थांबला. हार सरकवला तर बहिणीला काय सांगायचं? आईला हे आवडलं असतं, असं म्हणायला त्याच्याकडं काय पुरावा होता? नाही सरकवला, तर सगळी वाडी पुन्हा अर्ध्याच चेहऱ्याला फूल वाहणार होती. त्याला खरं बोलता आलं नाही.

"स्वप्ना, हार काढ. रंग ओला आहे, फुलं चिकटतील."

स्वप्नानं हार उचलला. मग आईच्या गालावर, त्या फिक्या जागेवर, अलगद बोट टेकवलं. बोट कोरडं होतं. तिनं ते महेंद्रला दाखवलं.

"वाळलाय, दादा."

"हो."

"मग सरळ सांगायचं."

"सरळ सांगण्याइतकी खात्री असती तर सांगितलं असतं."

आणि मग त्यानं तिथंच, टेबलाशी उभ्याउभ्या, मैनाकाकीनं सांगितलेलं तिला सांगितलं. शेतात आई तोंड उघडं टाकून असायची, गायची, टवाळ्या करायची, आणि विहिरीपाशी आली की पदर घ्यायची. आई गायची, हे स्वप्नालाही माहीत नव्हतं.

"माझ्यासमोर तर नेहमी घ्यायची," ती म्हणाली.

"माझ्याही."

तिनं हार चित्राच्या पायाशी गोल करून ठेवला आणि डोळे पुसत आत पाणी बघायला गेली. कार्यक्रम नीट झाला. कुणी चित्राला चांगलं म्हटलं, एका म्हाताऱ्यानं चित्रासमोर खूप वेळ हात जोडले.

चित्र आता मोहित्यांच्या पुढच्या खोलीत आहे. रविवारी ते अजून माडीवर जातात. झोया त्यांना ठिपक्यांनी माणसाचे हात काढायला शिकवतेय. चित्र बघायला कुणी आलं की ते खुर्ची मागं सरकवून देतात, ठिपके कसे दिले ते सांगतात, काळ्या ट्यूबची फजिती सांगतात. आणि सगळं सांगून झालं, की समोरच्याला एकच गोष्ट विचारतात. आतापर्यंत कुणाला उत्तर देता आलेलं नाही, मैनाकाकीलाही नाही. विहिरीपाशी आल्यावर आई तो पदर घ्यायची, तो तिला हवा होता म्हणून, की घरात आम्हाला हवा होता म्हणून?